झऱ्यापासून साकवापर्यंत

जानेवारीत पहाटे आमच्या झऱ्यावर तोंड धुतलं की पाणी कोमट लागतं. आजी म्हणायची, देवाने तापवून ठेवलंय. मला लहानपणी वाटायचं, राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्याचं कढत पाणीच जमिनीखालून आमच्याकडे येत असणार. यंदा मोजलं. जानेवारीत पहाटे २७.१ अंश, मार्चमध्ये भर दुपारी २७.४. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी हवेच्या आसपास राहतं. बदलतो तो आपला हात.

मोजायच्या जागा तीन, झऱ्यातून निघणाऱ्या वहाळावरच्या (ओढ्यावरच्या): झरा, जांभळीखालचा कोंड म्हणजे डोह, आणि खालचा साकव, म्हणजे छोटा पूल. तापमानाचा सेन्सर डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतला, तीन वायरींचा. यात अर्ध्या अंशाचा फरक पडू शकतो, म्हणून तिन्ही आधी बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून बुडवले. एकाने शून्याऐवजी ०.४ दाखवलं, त्याच्या आकड्यातून तेवढं वजा करतो. साकवाचे पहिल्या आठवड्याचे आकडे मात्र फेकून द्यावे लागले. पाणी उथळ, सेन्सरवर थेट ऊन, त्यामुळे तो पाण्याचं नाही, स्वतःचंच तापमान सांगत होता. आता तो भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपात, दगडाला बांधून, वाहत्या धारेत ठेवलाय.

मार्चमधली एक दुपार, साडेतीन वाजता: झरा २७.४, कोंड २७.९, साकव ३१.६. वहाळ सर्वांत जास्त तापतो तो बाराला नाही, साडेतीन-चारला. आणि जानेवारीच्या पहाटे हाच साकव २१.८ वर उतरला होता. डोक्यावर झाड नसलं की पाणी दिवसा तापतं आणि रात्री उघड्या आभाळाखाली निवतं.

कोंडापासून साकव तीनशे पावलं. त्या पट्ट्यातले काठावरचे करंज आणि उंबर आम्हीच दोन वर्षांपूर्वी काजूसाठी तोडले. मीही हो म्हटलं होतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या जरा वर. पाणी तापलं की झिंग्यांना, कुर्ल्यांना श्वासाला लागतो मात्र जास्त. साकवाखालचे दगड उलटले तर हल्ली कुर्ली क्वचित दिसते. ऊन हेच एकमेव कारण असं मी म्हणणार नाही, धारही बारीक झालीय. पण सावली आमच्या हातात होती.

काकांना वही दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "काठाकडची काजूची एक ओळ सोडली तर?" करंजाच्या शेंगा वेचायला घेतल्यात. सेन्सर मेअखेर काढून ठेवणार, पहिल्या पुरात पाइप राहायचा नाही.