आमची वाटचाल : गंजगोलाईजवळचं चार पानी दैनिक

अण्णांचा छापखाना लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर होता. लग्नपत्रिका, आडत्यांची पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं, सगळं एका ट्रेडल छपाई मशिनवर निघायचं. दैनिक काढायचं मात्र त्यांच्या मनात फार आधीपासून होतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली निजामाच्या हैदराबादेत ‘मराठवाडा’ काढला आणि पुढे अनंत भालेरावांनी औरंगाबादेत तो दैनिक म्हणून चालवला, हे ते आम्हा भावंडांना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायचे.

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि अण्णांनी मनावर घेतलं. तेव्हा १८६७ च्या कायद्याप्रमाणे डिक्लरेशन, म्हणजे वर्तमानपत्र काढत असल्याचं लेखी निवेदन, जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर करावं लागायचं. त्यासाठी आता उस्मानाबादची एसटी धरायची गरज नव्हती. शिवाय कचेरी, कोर्ट, जिल्हा परिषद सगळं इथेच आलं होतं, म्हणजे बातमीही इथेच. दिल्लीहून शीर्षक मंजूर होऊन यायला मात्र बराच काळ गेला. पाठवलेली पहिली दोन नावं आधीच कुणाकुणाची निघाली. शेवटी १९८४ च्या दसऱ्याला पहिला अंक निघाला.

सेकंडहँड सिलिंडर मशिनसाठी घरची तूर विकली तरी पैसे कमी पडत होते. ते एका आडत्याने बिनव्याजी दिले. त्यांची अट एकच होती, “बाजारभाव रोज बरोबर छापा.” मला आजही वाटतं, आम्हाला अग्रलेखाने नाही, बाजारभावाने जगवलं. औसा-निलंग्याचे शेतकरी गाडी भरण्याआधी आमच्यात तुरीचा भाव बघायचे.

पहिल्याच वर्षी आमच्याकडून एक चूक झाली. दशक्रियेच्या निवेदनात मयताच्या जागी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव पडलं. प्रूफ मी वाचलं होतं. अण्णा सकाळीच त्या घरी गेले, ओसरीवर खाली बसले आणि हात जोडले. परत आल्यावर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बातमी उद्या दुरुस्त होते. माणसाचं नाव चुकलं की त्याच्या घरात दुखतं.” त्या दिवसापासून नावांचं प्रूफ दोघांनी वाचायचं, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून.

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री आम्ही विसर्जन मिरवणुकीची बातमी पहिल्या पानावर घेऊन अंक छापला. गठ्ठे एसटी स्टँडवर जायचे होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, घरं पाडलेल्या केसेस लाकडी घोड्यांवरून खाली आल्या. उजाडता उजाडता किल्लारीचं कळलं. अण्णांनी गठ्ठे थांबवले आणि मिळेल त्या जीपने निघाले. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. घरंच्या घरं झोपलेल्या माणसांवर बसली होती. पुढे पाऊसही लागला. अण्णा वही शर्टाच्या आत धरून परतले. वहीत फक्त नावं होती, गाववार.

आम्ही सांडलेले खिळे निवडत होतो आणि जुळारी काका यादी जुळवत होते. गंगाबाई, काशीबाई, सोनाबाई, रुक्मिणबाई. दुसरा कॉलम निम्मा झाला नसेल, काकांचा हात केसमधल्या एका घरात गेला आणि रिकामाच वर आला. ‘ई’ संपला होता. इतका ‘ई’ एका पानाला कधी लागलाच नव्हता. पहिला फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, छापून, सोडून, खिळे परत केसच्या घरात टाकेपर्यंत थांबायचं, तर रात्र गेली असती. कुणीतरी सुचवलं, पुढची नावं उद्या घेऊ. अण्णा नाही म्हणाले. मग काकांनी लग्नपत्रिकांची केस ओढली. त्यातला ‘ई’ जाड आणि नक्षीदार होता, ओळीतही नीट बसेना. कागदाच्या पट्ट्या घालून तो बसवला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात अर्ध्या बायकांच्या नावांचं शेवटचं अक्षर पत्रिकेतलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९९७ ला कॉम्प्युटर आला, मराठी अक्षरजुळणीची श्रीलिपी आली, ऑफसेटवर गेलो. खिळे किलोच्या भावाने गेले. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आल्या तेव्हा जाहिराती निम्म्यावर आल्या, पण बाजारभाव आणि निवेदनं आमच्याकडेच राहिली. अण्णा २००६ ला गेले. त्यांच्या निवेदनाचं प्रूफ आम्ही दोघांनीच वाचलं.

तो अंक फाईलमध्ये आहे, कडा तुटायला लागल्यात. मागच्या वर्षी एक बाई आल्या. भूकंपात त्या दीड वर्षांच्या होत्या, मामाकडे पुण्यात वाढल्या. त्यांना आईचं नाव छापलेलं बघायचं होतं. मी पान उघडून दिलं. त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या, मग विचारलं, “हे एक अक्षर वेगळं का आहे?”

मी त्यांना चहा सांगितला आणि काकांची गोष्ट सांगितली.