सर्व्हरवरनं बाहेर काय जातंय ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीचं मेल सर्व्हर मी सांभाळतो. तिथं कुणीही नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, स्पॅम अडवायला काय लावलंय? प्रश्न बरोबर आहे, पण माझ्या मते त्याचा नंबर दुसरा. आपल्या सर्व्हरवरनं बाहेर काय चाललंय ते आधी विचारायला पाहिजे. आत आलेला कचरा निस्तरता येतो, पण आपल्या नावानं बाहेर गेलेला कचरा अख्ख्या कंपनीची कोटेशनं, इन्व्हॉइस, डिस्पॅचचे कागद सगळंच अडवून ठेवतो, आणि गिऱ्हाईक कोल्हापूरचं असो नाहीतर पुण्याचं, त्याला वाटतं की ह्या बेळगावच्या लोकांनी रेटच पाठवला नाही.

आमच्याकडं मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स उघडून वाचायला डव्हकॉट आहे. पोस्टफिक्स व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि इतकं शहाणं सॉफ्टवेअर मी दुसरं बघितलं नाही. लोकांना भीती असते लाईट जाण्याची. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएस पण दमतो, मग फोन सुरू, "आता आलेली मेलं गेली का हो सगळी?" नाही जात. आपला सर्व्हर बंद दिसला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि परत परत प्रयत्न करत राहतो, तिथंही पोस्टफिक्स असेल आणि त्याला काही वेगळं सांगितलं नसेल तर पाच दिवस. तासभर लाईट गेली म्हणून काळजी करायचं कारणच नाही.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. एका सकाळी परचेसमधनं फोन आला, "सर, मेल जाऊलालंय पण समोरच्याला पोचंना झालंय की." मेलक्यू ही थांबलेली मेलं दाखवणारी कमांड मारून बघितली तर रांग स्क्रीनभर पळत होती, आमचं कुणी कधी नावही ऐकलं नसेल अशा परदेशी पत्त्यांना चाललेली मेलं, आणि लॉगमध्ये प्रत्येक ओळीत एसएएसएल युजरनेम, म्हणजे लॉगिन करणाऱ्याचं नाव, एकच, परचेसच्याच एका आयडीचं. त्या पोराला आदल्या दिवशी "तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथं लॉगिन करा" असं मेल आलं होतं, पान हुबेहूब आपल्या वेबमेलसारखं, त्यानं पासवर्ड टाकला. त्याला मी काही बोललो नाही, ते पान बघून कुणीही फसला असता.

अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही हे लक्षात ठेवा. आधीच लॉगिन झालेलं कनेक्शन पासवर्ड बदलला तरी चालूच राहू शकतं, म्हणून पासवर्ड बदलल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही रीस्टार्ट करायचं. मग रांग होल्डवर टाकायची, म्हणजे थांबवून ठेवायची, आणि फक्त त्या आयडीनं आत आलेली मेलं वेचून पुसायची, घाईत सगळी रांग साफ केली तर अकाउंट्सची खरी इन्व्हॉइस पण त्यातच जातात. आणि शेवटी त्या मेलबॉक्समधले फिल्टर उघडून बघायचे, हे बहुतेक जण विसरतात. चोर जाताना तिथं एक फॉरवर्ड ठेवून जातो, "इन्व्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेलं प्रत्येक मेल गुपचूप त्याच्याकडं. त्या जोरावर तो पुढं महिन्यानं आपल्या गिऱ्हाइकाला "बँक अकाउंट बदललंय" म्हणून लिहितो, डोमेन आपल्यासारखंच, एका अक्षराचा फरक. पैसे तिथं जातात. आमच्याकडं पण तसला फिल्टर सापडलाच.

तोवर आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टवर चढला होता. ब्लॅकलिस्टमधनं काढा म्हणून अर्ज करायची घाई करू नका, गळती बंद झाली नसेल तर परत चढतो आणि मग बाहेर यायला जास्त वेळ लागतो.

आता प्रत्येक आयडीला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा लावलीय. खरेदीचा माणूस तासात शेकड्यानं मेल पाठवत नाही, त्यामुळं ओलांडली की मेल तात्पुरतं अडतं आणि मला मेसेज येतो. बाहेरून लॉगिन फक्त ५८७ नाहीतर ४६५ पोर्टवर, तेही एन्क्रिप्शनशिवाय नाही, आणि २५ पोर्टवर लॉगिन बंदच, तो पोर्ट सर्व्हरा-सर्व्हरांनी आपापसात बोलायचा आहे.

एसपीएफ (आपल्या डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायचं त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (ह्या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) हे तर आता चुकवताच येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडं एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, आयपीला उलटी नोंद म्हणजे आयपीवरनं सर्व्हरचं नाव सांगणारा पीटीआर लागतो, आणि दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवत असाल तर तिन्ही लागतात. पीटीआर डोमेनवाल्याकडं मिळत नाही, ज्यानं आयपी दिला त्याच्याकडं मागावा लागतो, ह्यात आमच्या इथले बरेच जण चुकीच्या दारात उभे असतात. एसपीएफमध्ये पण एक मेख आहे, तपासताना डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीच्या, दहाच फेऱ्या चालतात, हे इन्क्लूड कर ते इन्क्लूड कर करत अकरावी फेरी झाली की अख्खी नोंद बाद.

डीमार्क लावताना एकदम रिजेक्ट करू नका. आधी पी बरोबर नन, म्हणजे काहीच अडवायचं नाही, असं ठेवा आणि रोज येणारे रिपोर्ट खरंच वाचा, एक्सएमएल असतात, कंटाळवाणे असतात, पण वाचाच. आमच्या रिपोर्टमध्ये आपल्याच डोमेनच्या नावानं एक अनोळखी आयपी सारखा दिसत होता, मला वाटलं परत कुणी घुसला. शोधत गेलो तर निपाणीच्या गोडाऊनमधलं बिलिंग सॉफ्टवेअर निघालं, भलत्याच सर्व्हरवरनं थेट बिलं पाठवत होतं आणि त्यातली कितीतरी गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडत होती, तिथल्या माणसाला वाटायचं पार्टी मुद्दाम पेमेंट लांबवतेय. त्याला वेगळा आयडी देऊन आपल्याच सर्व्हरवरनं फिरवलं. आता माच्छेच्या युनिटमधला, असाच थेट मेल पाठवणारा स्कॅनर तेवढा राहिलाय, तो ह्या आठवड्यात वळवला की डीमार्क क्वारंटाइनवर, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाकायच्या पायरीवर, नेतोय.