कारखान्याच्या साइटवरून तांब्याच्या खाणीवर: माझा अनुभव

कागल, शिरोळ, हातकणंगले भागात साखर कारखान्यांच्या विस्ताराच्या कामांवर राबणारे आपले भरपूर इंजिनिअर आहेत. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी मला फोन करून विचारतं, "दादा, तुम्ही परदेशात खाणीच्या कामाला कसे काय गेलात? मायनिंगची डिग्री लागते काय?" नाही लागत. मी साधा सिव्हिलचा. शिवाजी विद्यापीठाची पदवी, आणि पुढची सगळी वर्षं कारखाने, कोजनरेशन (उसाच्या चिपाडापासून वीज) प्रकल्प आणि शिरोलीतल्या फाउंड्रीच्या शेडवर घालवलेली. सध्या झांबियात तांब्याच्या खाणीवर एरिया सुपरिंटेंडेंट, म्हणजे एका भागाच्या बांधकामाचा प्रमुख आहे. इथवर कसा पोचलो ते एकदा सविस्तर लिहितो.

खाण म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर सुरुंग आणि डंपर येतात. ते खातं वेगळं. दगड वर आल्यावर तो फोडायला क्रशर लागतो, वाहून न्यायला कन्व्हेयर, दळायला मिल, तांबं फेसावर तरंगवून वेगळं करायला फ्लोटेशनच्या टाक्या, मग पाणी काढून माल घट्ट करणारा थिकनर, उरलेला गाळ साठवायला धरण, शिवाय वीज, पाणी, रस्ते आणि हजारो माणसांची राहायची सोय. हे सगळं उजाड माळावर नव्यानं उभं करावं लागतं. खाण उद्योगातलं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट म्हणजे हे काम. फाउंडेशन, स्ट्रक्चर, मशिनरीचं इरेक्शन (उभारणी), पाइपिंग, शेवटी कमिशनिंग, म्हणजे प्लांट तपासून चालू करणं. कारखान्यात आपण दुसरं काय करतो? उसाच्या गाडीपासून बगॅसच्या कन्व्हेयरपर्यंत सगळं तसंच आहे, फक्त तिकडे आकार मोठा. आणि गळीत हंगामाच्या आत बॉयलर पेटलाच पाहिजे हा दबाव ज्यानं एकदा सोसलाय, त्याला शेड्यूल म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

हे माझ्या लक्षात आणून दिलं इचलकरंजीच्या एका सीनिअर सरांनी. ते पूर्वी घानात सोन्याच्या प्लांटवर होते. माझा बायोडेटा वाचून ते म्हणाले, "अरे, यात तू काय बांधलंस ते कुठंच नाही. कारखान्याचं नाव आहे, तुझं पद आहे. काँक्रीट किती, स्टील किती टन, हाताखाली माणसं किती, क्रेन कुठली, हे कोण लिहिणार?" मग बसून सगळा बायोडेटा नव्यानं लिहिला. 'मिल हाऊसचं काम पाहिलं' याऐवजी फाउंडेशनचे घनमीटर, स्ट्रक्चरचं वजन, सर्वांत जड उचल किती टनांची होती, काम किती आठवड्यांत संपवलं, अपघात झाला की नाही. तिकडचा माणूस साखर कारखाना ओळखत नाही, पण टन आणि घनमीटर ओळखतो.

नोकरी शोधायची कुठे हा पुढचा प्रश्न. जॉबच्या साइटवर रोज अर्ज टाकत बसण्यापेक्षा प्रकल्पांवर लक्ष ठेवणं जास्त उपयोगी पडलं. खाणीचा प्रकल्प ठरावीक पायऱ्यांनी जातो. आधी व्यवहार्यता अहवाल, मग संचालक मंडळाचा गुंतवणुकीचा अंतिम निर्णय, मग डिझाइन आणि बांधकाम व्यवस्थापनाचं कंत्राट, आणि त्यानंतर माणसांची भरती. निर्णयाची बातमी आली की पुढच्या काही महिन्यांत सुपरवायझर आणि सुपरिंटेंडेंट लागणार हे नक्की. झांबियात सोल्वेझीजवळच्या कान्सान्शी खाणीच्या 'एस३' विस्ताराला फर्स्ट क्वांटम कंपनीनं मे २०२२ मध्ये मंजुरी दिली, १२५ कोटी डॉलरचं काम. लुम्वाना खाणीचा विस्तार बॅरिकनं हाती घेतला. एका भागात अशी दोन कामं निघाली की ठेकेदारांना माणसं पुरत नाहीत. माझं काम लागलं ते त्या पट्ट्यातल्या एका ठेकेदार कंपनीत.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कॅनडाच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या खाण कंपन्यांना एनआय ४३-१०१ या नियमाखाली तांत्रिक अहवाल जाहीर करावे लागतात, आणि ते सेडार प्लस या साइटवर फुकट वाचता येतात. प्रकरण १७ मध्ये प्लांटची प्रक्रिया, १८ मध्ये रस्ते-वीज-पाणी, २१ मध्ये खर्च. मुलाखतीआधी मी अशा अहवालांची ही तीन प्रकरणं रात्री जागून वाचली. कुठल्या प्लांटला कसली मिल असते, पाणी कुठून आणतात, पावसाळ्यात काय अडतं, हे मुलाखतीत बोलता येतं तेव्हा समोरच्याचा आवाज बदलतो.

एजंटांचं थोडक्यात सांगतो. बाहेरगावच्या एकानं थेट दोन लाख मागितले, 'व्हिसासकट पॅकेज' म्हणून. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि तो नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत कळतं. याचं नाव तिथं नव्हतं. विषय संपला. चांगली खाण कंपनी किंवा ठेकेदार उमेदवाराकडून पैसे घेत नाही, उलट तिकीट आणि परमिटचा खर्च तीच करते.

सर्टिफिकेटांपैकी मला नेबॉश या ब्रिटिश संस्थेचं कामाच्या सुरक्षिततेवरचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट सगळ्यात कामी आलं. खाणीवर सुरक्षिततेची भाषा बोलता आली नाही तर बाकीचं कोणी ऐकूनच घेत नाही. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) चांगलं आहे, पण त्याचा उपयोग मॅनेजरच्या खुर्चीजवळ गेल्यावर. प्रिमावेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर उघडून निदान पुढच्या तीन आठवड्यांचं लुकअहेड, म्हणजे कामाचं नियोजन, काढता यायलाच हवं.

आता मुलाखत. झांबियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दीड. राजारामपुरीतल्या मित्राच्या ऑफिसात बसलो होतो, कारण घरचं नेट दगा देतं. समोर दोघं, त्यातला एक दक्षिण आफ्रिकेचा कन्स्ट्रक्शन मॅनेजर, आयुष्य साइटवर गेलेला माणूस. ओळखपाळख नाही, सरळ प्रश्न: "मिलच्या फाउंडेशनचे बोल्ट आठ मिलिमीटर सरकलेत. मेकॅनिकलची टीम उद्या येणार, क्रेन उभी आहे. काय करशील?"

मी म्हणालो, उचल थांबवीन, सगळ्या बोल्टांचा पुन्हा सर्व्हे करून आकडे डिझाइनरकडे पाठवीन, आणि त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत बेसप्लेटच्या (मशिनखालच्या लोखंडी प्लेटच्या) भोकाला गॅस कटर लागू देणार नाही. मग त्यानं विचारलं, मुळात ते सरकूच नयेत म्हणून काय करतोस? इथं मला माझ्या टर्बाइन फाउंडेशनचं सांगता आलं. आम्ही बोल्टांसाठी जाड प्लेटचं टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) करून घेतलं आणि ते शटरिंगला न बांधता वेगळ्या अँगलच्या फ्रेमवर उभं केलं. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरनं शटरिंग हलतं, टेम्प्लेट त्याला जोडलेलं असलं की बोल्टही हलतात. ओतण्याआधी, ओतताना आणि काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा, असं टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं तीनदा बघायचं. ओलं असेपर्यंत बोल्ट सरळ करता येतो, सेट झाल्यावर नाही. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण तो मान डोलावत लिहून घेत होता.

दुसरा प्रश्न होता, "काम स्वतःहून कधी थांबवलंयस?" पावसात लाइफलाइन (सुरक्षेची दोरी) न बांधता छताच्या ट्रसवर चढलेल्या फिटरांना मी खाली उतरवलं होतं. ठेकेदार माझ्यावर ओरडला होता, काम मागं पडलं होतं, ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. निवड झाल्यावर कळलं की निर्णय या उत्तरावर झाला. खाणीवर काम पुढं रेटणारे पुष्कळ असतात, थांबवणारा शोधावा लागतो.

निवड झाली ती सिव्हिल सुपरिंटेंडेंट म्हणून, कन्स्ट्रक्शन मॅनेजर म्हणून नाही. भारतातून थेट त्या पदावर कोणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. एक प्लांट सुरुवातीपासून कमिशनिंगपर्यंत तिथं बांधला की पुढचं दार उघडतं. तरीही पगार हातात इथल्या तिपटीहून जास्त.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडवलं अनुभवाच्या पत्रांनी. एका जुन्या ठेकेदारानं पत्र द्यायला महिनोन् महिने लावले. शेवटी पीएफच्या यूएएन खात्यातली सर्व्हिस हिस्ट्री आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) जोडले, ते चाललं. तेव्हा पीएफ न कापणाऱ्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोरांनी आत्ताच पद, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घेऊन ठेवा. पोलिस क्लिअरन्सचं काम कोल्हापुरातच होतं, पासपोर्ट सेवेतून अर्ज करायचा. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची क्षमता आणि कान नीट बघतात. रोजगाराचं परमिट कंपनी काढते, आणि ते हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. "टुरिस्ट व्हिसावर या, नंतर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

ऑस्ट्रेलियाचं बरेच जण विचारतात. पैसा तिकडे जास्त आहे, पण वाट लांब. इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात २०१४ पासून भारत पूर्ण सदस्य आहे, तरी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुतेक कॉलेजांच्या पदव्या त्यात बसत नाहीत. मग इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिथल्या संस्थेकडे स्वतःच्या कामावर तीन सविस्तर प्रकरणं लिहून द्यावी लागतात, वर आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा. आफ्रिकेतला एक प्लांट पदरात पडला की ती प्रकरणं लिहायला माल मिळतो, म्हणून मी हा रस्ता आधी घेतला.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घेतल्या. पगार नेट की ग्रॉस, कारण झांबियात वरच्या उत्पन्नावर ३७ टक्के कर कापतात. आजारी पडलो तर विमानानं बाहेर हलवायचा विमा आहे का. आणि रोटेशन, म्हणजे नऊ आठवडे काम, तीन आठवडे घर, हे लेखी आहे का. सोल्वेझीहून गाडीनं एन्डोला, तिथून आदिस अबाबा, मग मुंबई, असा प्रवास होतो. करारात तिकीट मुंबईपर्यंतचं होतं. मी म्हटलं, मी मुंबईचा नाही, कोल्हापूरचा. एचआरच्या बाईंनी नकाशावर बघितलं आणि 'मुंबई' खोडून 'कोल्हापूर' टाकलं. आता सुट्टीचं तिकीट उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत येतं.