ओव्हरलेएफएसचे थर नेमके काय वेगळे करतात?

कंटेनरची (म्हणजे एका संगणकावर इतरांपासून वेगळ्या ठेवून चालवलेल्या प्रक्रियांची) फाइल सिस्टिम थरांची बनलेली असते म्हणून होस्ट, म्हणजे तो चालवणारा संगणक, आपोआप सुरक्षित राहतो, असे विधान अधूनमधून वाचनात येते. मला ते अर्धवट वाटते, कारण थर रचण्याची ही पद्धत, म्हणजे ओव्हरलेएफएस, लिहिलेले कुठे साठवायचे एवढेच ठरवते. कोणाला काय दिसावे आणि कोणाला कोणते अधिकार असावेत, हे ठरवणारी यंत्रणा निराळी आहे.

लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) ओव्हरलेएफएस २०१४ मध्ये, ३.१८ या आवृत्तीत आले. त्यात खालचे थर फक्त वाचण्यासाठी असतात, वरचा एक थर लिहिण्यासाठी असतो आणि प्रक्रियेला या सगळ्यांचे मिळून एकच झाड दिसते. खालच्या थरातली फाइल लिहिण्यासाठी उघडली, की कर्नल आधी ती संपूर्ण फाइल वरच्या थरात उतरवून घेतो, मग बदल एका बाइटचा का असेना. याला कॉपी-अप म्हणतात. मोठ्या डेटाबेसच्या फाइली या थरांत न ठेवता व्हॉल्यूमवर (थरांबाहेरच्या साठवणजागेवर) ठेवाव्यात, या सल्ल्यामागे हे एक कारण आहे. इमेज (कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो थरांचा संच) बांधताना नुसती मालकी बदलणारी वेगळी पायरी घातली, तर त्याच फाइलींची दुसरी प्रत नव्या थरात जाऊन इमेज फुगते, तेही याचमुळे.

फाइल पुसण्याची रीत मला सर्वांत रोचक वाटते. खालच्या थराला हात लावता येत नसल्याने वरच्या थरात त्याच नावाची एक खूण ठेवली जाते. तिला व्हाइटआउट म्हणतात आणि प्रत्यक्षात ती मेजर व मायनर हे उपकरणाचे दोन्ही क्रमांक शून्य असलेली कॅरेक्टर डिव्हाइस फाइल, म्हणजे उपकरण दर्शवणारी विशेष फाइल, असते. त्यामुळे एका थरात आलेला पासवर्ड पुढच्या थरात पुसला, तरी तो इमेजमध्ये तसाच उरतो आणि इमेज हाती असलेल्या कोणालाही काढता येतो.

होस्टची फाइल सिस्टिम कंटेनरपासून खरोखर दडवतात ती माउंट नेमस्पेस (प्रक्रियेला कोणती माउंट दिसावीत हे ठरवणारी सोय) आणि पिव्हट रूट (प्रक्रियेची मूळ डिरेक्टरी बदलणारी सोय). युझर नेमस्पेस (आतले वापरकर्ता क्रमांक होस्टवरच्या वेगळ्या क्रमांकांशी जोडणारी सोय) वापरली नसेल, तर कंटेनरमधला रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, हा होस्टच्या दृष्टीनेही शून्य क्रमांकाचाच वापरकर्ता असतो. त्याच्या काही क्षमता काढून घेतलेल्या असतात, इतकेच. अशा कंटेनरमध्ये होस्टची एखादी महत्त्वाची डिरेक्टरी बाइंड माउंट करून (तीच डिरेक्टरी आत जोडून) दिली, तर थर कितीही असले तरी त्या वाटेने केलेले लेखन थेट होस्टवर होते. शिवाय ओव्हरलेएफएस हा स्वतःच कर्नलचा भाग असल्याने त्यातली चूक सगळ्यांनाच भोवते: सीव्हीई-२०२३-०३८६ (सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) या त्रुटीत कॉपी-अप करताना वापरकर्ता क्रमांकांची पुरेशी तपासणी होत नव्हती आणि त्यातून सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत होते.

म्हणून शक्य तिथे मी मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचनीय ठेवतो, तात्पुरत्या फाइलींसाठी आकाराची मर्यादा घातलेले टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइल सिस्टिम) देतो आणि कंटेनर विनारूट (होस्टवरच्या रूट अधिकारांशिवाय) चालवतो. ५.११ या आवृत्तीपासून कर्नल युझर नेमस्पेसच्या आत विशेषाधिकारांशिवाय ओव्हरले माउंट करू देतो, त्यामुळे हे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. डिस्कचा प्रश्न मात्र वेगळा सोडवावा लागतो. वरचा थर होस्टच्याच डिस्कवर असतो आणि मर्यादा घातली नसेल, तर एकटा कंटेनर ती भरून टाकू शकतो. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या ओव्हरले२ ड्रायव्हरमध्ये अशी मर्यादा घालायची, तर खाली एक्सएफएस ही फाइल सिस्टिम हवी आणि ती प्रोजेक्ट कोटा (डिरेक्टरीनिहाय जागेची मर्यादा) चालू करून माउंट केलेली हवी.