छातीत कळ की करंट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचं फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासून साफ करून देणारी एक छोटी शेड. एप्रिल 2025 मध्ये तिथला झारखंडचा मजूर, सिमडेगा जिल्ह्यातला, हँड ग्राइंडर चालवताना कोसळला. मिशनच्या आमच्या स्थलांतरित मजूर केंद्राला निरोप आला तोवर ठेकेदाराची तयारी पुरी होती. अँब्युलन्स दारात, वाटखर्च त्याचा, वर पंचवीस हजार रोख. अट एकच, चिरफाड नको. छातीत कळ आली म्हणायचं आणि मयत घेऊन निघायचं.

घरचे अशा वेळी हो म्हणतात. मयत लवकर गावी पोचावं, फादरांच्या हातून माती मिळावी, याशिवाय त्यांना काही सुचत नाही. ठेकेदार नेमकं हेच ओळखून असतो. माणसाच्या श्रद्धेचा याहून नीच वापर मी पाहिलेला नाही.

ग्राइंडरची पिन तुटलेली, वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये काड्या ठोसून बसवलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. मजुराच्या चुलतभावाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तो बोलतो सादरी, ही झारखंडकडची बोली, आणि मोडकी हिंदी, हवालदार लिहितो कन्नड. कागदावर आलं ते ‘चक्कर येऊन पडला’. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर आधी हाच कागद वाचतात. करंटची खूण कधी कधी डाळीएवढीच असते, घट्टे पडलेल्या तळहातावर सहज नजरेतून सुटते. कागदात करंटचा उल्लेख असेल तर ती शोधली जाते, तिथली कातडी तपासणीला पाठवली जाते. म्हणून सादरी जाणणाऱ्या रांचीकडच्या सिस्टरना (नन) शेजारी बसवून जबाब पुन्हा लिहून घ्यायला लावला आणि सहीआधी चुलतभावाला सादरीत वाचून दाखवला. हवालदार वैतागला. पीएसआयने मात्र शेड बंद करून ग्राइंडर जप्त केला. उशीर झाला असता तर नवी पिन बसली असती.

पोस्टमॉर्टेमनंतरचं एम्बामिंग, म्हणजे मयत टिकावं म्हणून औषध भरणं, अवघड असतं. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापलेल्या असल्याने एका जागेहून सोडलेलं फॉर्मलिन अंगभर फिरत नाही. मानेच्या दोन्ही बाजू, दोन्ही काखा, दोन्ही जांघा अशा सहा ठिकाणी वेगवेगळं भरावं लागतं, पोट-छातीची पोकळी निराळी. घाईत दोन जागा सोडल्या तर बेंगळुरूपर्यंतच्या रस्त्यातच वास सुटतो आणि विमानाचे कार्गोवाले पेटी घेत नाहीत. पोलिसांचा ना हरकत दाखला, मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं आणि शवपेटीचं सर्टिफिकेट, सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच हवं. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना एखादं अक्षर हमखास बदलतं, म्हणून प्रत्येक टेबलापाशी आपलं माणूस उभं लागतं.

शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं, म्हणजे ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू नव्हता. तेव्हा लागू असलेला कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. पगार कितीही असो, हिशोबाला महिना जास्तीत जास्त 15,000 रुपये. त्याचे निम्मे, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणांक. तिसाव्या वर्षी गुणांक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. ठेकेदाराचे पंचवीस हजार यापुढे ठेवून पाहावेत. शिवाय त्या कायद्यात मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली, तर परस्पर हातावर टेकवलेला पैसा भरपाईत धरतच नसत.

वयावरूनही घोळ होता. आधारवर 1 जानेवारी ही अंदाजे टाकलेली तारीख, त्याप्रमाणे वय चौतीस, गुणांक 199.40. गावच्या पॅरिशच्या (चर्चच्या) बाप्तिस्मा नोंदवहीत तीस. फरक 64,350 रुपयांचा. तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा, दोन्ही उतारे पाठवले. विधवेकडे लग्नाचा दुसरा पुरावा नव्हता. चर्चच्या जुन्या वह्यांना हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दावा विधवा राहते तिकडच्या आयुक्तांकडेही करता येत होता, तसाच केला. आता प्रश्न चुलतभावाचा. जबाब दिला म्हणून त्याचं काम गेलं, उद्यमबागेत दुसरा ठेकेदार त्याला घेत नाही. साक्षीसाठी गावी थांबला तर खायचं काय, आणि केरळला गेला तर तारखेला पोचायचं कसं? त्याला काय सांगावं ते अजून आमचं ठरत नाही.