ज्यूंच्या प्रदर्शनात भिंतीवर काय लावणार?

आमच्या छोट्याशा गॅलरीत ज्यू कलाकारांचं आणि ज्यू संस्कृतीचं प्रदर्शन मांडतोय म्हटलं की पुण्यात हमखास विचारतात, "त्यांच्यात मूर्ती, चित्रं चालत नाहीत ना? मग भिंतीवर लावणार काय?"

प्रश्न रास्त आहे. दहा आज्ञांमध्ये मूर्ती करून तिला भजू नये असं सांगितलंय. कॅम्पातल्या आपल्या लाल देवळातही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही, देवाची प्रतिमा नाही. पण मनाई आहे ती पूजेला. घरात वाचायच्या पोथीत चित्रं काढायला कुणी अडवलं नाही, आणि याचा सगळ्यात सुंदर पुरावा आपल्याच गावात छापला गेलाय.

१८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीतली सचित्र हगादा निघाली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री जेवायला बसल्यावर घरोघरी वाचतात ती ही पोथी. तिच्या एका चित्रात बायका मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, करतायत. चित्र बेतलंय युरोपातल्या हगादांवरून, पण या बायका साड्या नेसून चक्क जमिनीवर बसल्यात. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्या घरातल्याच या बायका. या पानाची मोठी प्रत दारासमोरच्या भिंतीवर लागणार, हा माझा हट्ट आहे.

शेजारी एका कुटुंबाने विश्वासाने दिलेली केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. कडेने फुलांची वेलबुट्टी आहे. घडीवर कागद विरलाय, तिथे कुणीतरी फार पूर्वी चिकटपट्टी लावली, तिचा पिवळा डाग उरलाय. जुन्या कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पाडायचा नसतो, म्हणून तो कोपरा अंधारा असेल. जरा थांबा, डोळे सरावले की अक्षरं दिसतात.

आजच्या चित्रकारांत सियोना बेंजामिन आहे. बेने इस्रायल घरातली, मुंबईत वाढलेली, आता अमेरिकेत असते. लघुचित्रांच्या शैलीत ती तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या स्त्रिया रंगवते, आणि त्या निळ्या असतात. आपल्याला लगेच कृष्ण आठवतो. तिच्यासाठी तो आकाशाचा आणि समुद्राचाही रंग आहे, कुठल्याच एका देशाचा नसलेला.

आणि माग्दा नाखमन. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, वडील ज्यू, नवरा भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य. नाझींच्या बर्लिनमधून हे दोघं निसटले आणि १९३६ मध्ये ती मुंबईला पोचली. इथे तिने इथल्याच माणसांची चित्रं काढली. १९५१ मध्ये स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास उरले असताना ती गेली. तिच्या कामात धर्माची खूण शोधत बसू नका. ज्यू चित्रकाराने ज्यू विषयच रंगवावा, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो.

उद्घाटनाला मलिदा आहे: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. ते ताट काचेखाली मांडून ठेवा, असं एका हितचिंतकांनी सुचवलं. नाही ठेवणार. मलिदा एलियाहू हनबींचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन, प्रार्थना म्हणून, वाटून खायचा असतो. प्रार्थना केतुबा देणाऱ्या घरातले आजोबा म्हणतील, पोहे त्यांच्या सूनबाई करणार आहेत.