काळी पाचचा खर्ज: पेटीच्या कानांनी देब्युसी ते बार्टोक

पियानोच्या डिप्लोमाची तोंडी परीक्षा मी पहिल्या खेपेला नापास झाले. प्रश्न साधा होता. फ्रेंच देब्युसी आणि ऑस्ट्रियन शोनबर्ग या दोन संगीतकारांनी जुनी स्वररचना सोडली, मग त्यांच्या सोडण्यात फरक काय? मी म्हटलं, एक इम्प्रेशनिस्ट, दुसरा एक्स्प्रेशनिस्ट. "म्हणजे नेमकं काय?" असं परीक्षकांनी विचारलं आणि मी गप्प झाले. व्याख्या तोंडपाठ होत्या, पण त्या माझ्या कानात कुठेच नव्हत्या. पुढच्या परीक्षेला अकरा महिने होते. ते कसे गेले ते लिहितेय, कुणी याच तयारीत असेल तर उपयोग होईल.

मी मूळची पेटीवाली. आजोबांच्या भजनी मंडळात साथ करत वाढले. पियानो तिशी उलटल्यावर सुरू केला, वांद्र्याच्या एका गोवेकर बाईंकडे. सगळे त्यांना मिस म्हणतात. निकाल सांगितल्यावर मिसनी माझी इतिहासाची वही मिटून बाजूला ठेवली. म्हणाल्या, "तुझे कान तयार आहेत गं. तू त्यांना विचारतच नाहीस."

सुरुवात देब्युसीच्या 'व्वाल'पासून केली. 1910 साली निघालेल्या प्रिल्यूड्सच्या, म्हणजे छोट्या पियानो-रचनांच्या, पहिल्या पुस्तकातलं हे दुसरं. या पुस्तकात प्रत्येक रचनेचं नाव वर नाही, शेवटी कंसात छापलेलं असतं. आधी ऐका, मग नाव वाचा. 'व्वाल'चा अर्थ पडदे असाही होतो आणि शिडं असाही. तळाला डाव्या हातात एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो, तो काळी पाच, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत सप्तकातली पाचवी काळी पट्टी. मी कित्येक दिवस तो नुसता 'बी फ्लॅट' म्हणून वाजवत होते. एका संध्याकाळी सहज पेटी काढली, काळी पाचचा सा धरला आणि वरचे स्वर मोजले. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. सहाच स्वर, आणि शेजारच्या कुठल्याही दोन स्वरांतलं अंतर सारखं. पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही, म्हणजे तंबोरा पंचमावर लावता येत नाही आणि मध्यमावरही नाही. सगळी अंतरं सारखी असल्यामुळे कुठलाच स्वर कुणाकडे ओढला जात नाही. 'धूसर', 'तरल' हे शब्द मी वहीत किती वेळा उतरवले होते! तो धूसरपणा येतो कुठून, ते आता बोटाखाली सापडलं.

पण खरा धक्का पुढे होता. मधल्या सहा मापांत (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट, इंग्रजीत बार) उजवा हात फक्त काळ्या पट्ट्यांवर येतो. पुस्तकं याला पंचस्वरी सप्तक म्हणून पुढे जातात. खाली काळी पाच चालूच असते, त्यामुळे मला तिथे सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि ऐकू आले. मालकंस! पेटीवर काळी पाचवरून नुसत्या काळ्या पट्ट्यांवर मालकंस वाजतो, हे आजोबांनी मला दहाव्या वर्षी दाखवलं होतं. देब्युसीने मालकंस घेतला असं मी म्हणत नाही. 1889 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने जावाचं गॅमेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यवृंद, ऐकलं होतं आणि ते त्याच्या मनात घर करून राहिलं, एवढं खरं. राग व्हायला चलन लागतं, नुसत्या पाच स्वरांनी राग होत नाही. पण त्या सहा मापांत वारा सुटल्यासारखं का वाटतं, ते मला कळलं. ज्यांत ओढ नव्हती अशा स्वरांनंतर एकदम ओढ असलेले स्वर येतात.

मिसना फोन केला तर त्या म्हणाल्या, "बरं. आता हा खर्ज काढून टाक आणि शोनबर्ग घे."

त्याचा ओपस 19, सहा छोट्या पियानो-तुकड्यांचा संच, त्यातला शेवटचा सहावा तुकडा. नऊ मापं, पान एक. पहिले पाच तुकडे शोनबर्गने 1911 च्या फेब्रुवारीत एकाच दिवसात लिहिले. मे महिन्यात संगीतकार मालर गेला आणि जूनमध्ये हा सहावा लिहिला गेला. उजव्या हातात तीन स्वर, ते विरत असतानाच डाव्यात आणखी तीन, लांबच्या घंटांसारखे. नोटेशन मी अर्ध्या तासात वाचलं, वाजवायला मात्र दोन महिने लागले. पेटीवर भात्यात हवा आहे तोवर स्वर तसाच उभा राहतो. पियानोवर तो वाजल्या क्षणापासून मरायला लागतो, आणि ही रचना त्या मरण्यावरच बांधलेली आहे. उजव्या हाताचे स्वर किती उरलेत ते ऐकून डावा हात तेवढाच हलका टाकावा लागतो. घरच्या डिजिटल पियानोवर हे जमेना, म्हणून शनिवारी मिसच्या जुन्या पियानोवर फक्त ही नऊ मापं बसवत होते. शेवटी सूचना आहे, 'श्वासासारखं'.

षड्ज शोधायचा प्रयत्न मी इथेही केला. प्रत्येक स्वर सा धरून पाहिला, एकही टिकला नाही. माझ्या नापास झालेल्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. देब्युसीने ओढ काढली, जमीन ठेवली. शोनबर्गने जमीनच काढली.

स्ट्राव्हिन्स्कीचं बॅले 'द राइट ऑफ स्प्रिंग' (पहिला प्रयोग पॅरिस, 29 मे 1913) फक्त तोंडी परीक्षेपुरतं होतं. त्यातल्या प्रसिद्ध ठोक्यांची पहिली आठ मापं म्हणजे बत्तीस ठोके, त्रितालाची दोन आवर्तनं. आघात दहा, बारा, अठरा, एकवीस, पंचवीस, तीस या मात्रांवर. टाळी देत हे म्हणून बघा, शाब्दिक वर्णनाची गरज उरत नाही.

हंगेरियन संगीतकार बार्टोकने मात्र मला छळलं. तो आणि त्याचा संगीतकार मित्र कोदाय मेणाच्या नळ्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले, शेतकऱ्यांची गाणी जशी गायली गेली तशी उतरवली. 'मिक्रोकॉस्मोस' या त्याच्या पियानो-पाठांच्या संग्रहाच्या सहाव्या भागात बल्गेरियन लयीचे सहा नाच आहेत, त्यांतला 149 क्रमांकाचा मला होता. सात मात्रा, दोन-दोन-तीन. मला वाटलं, हा तर आपला रूपक! पण रूपक तीन-दोन-दोन. हाताला तीनचा गट आधी लागायची सवय, त्यामुळे मी दर चौथ्या मापात घसरत होते. शेवटी ठेका फिरवून म्हटला: धी ना, धी ना, तीं तीं ना. भाजी चिरताना, लोकलमध्ये, सगळीकडे. तीन आठवड्यांनी हात सुटला.

परीक्षेत प्रश्न थोडा बदलून आला. मी पियानोवर वाजवून दाखवू का, असं विचारलं. आधी काळी पाच आणि त्यावर ते सहा स्वर, मग शोनबर्गच्या पहिल्या दोन घंटा. दुसरी पूर्ण विरेपर्यंत परीक्षकांनी पेन उचललं नाही.

पास झाले. आता शोनबर्गचाच ओपस 25 घेतलाय, बारा स्वरांच्या एकाच माळेतून निघालेला संच. माळ वहीत उतरवली आहे. तिचे शेवटचे चार स्वर उलटे वाचले की जर्मन स्वरनावांत B-A-C-H, म्हणजे संगीतकार 'बाख'चं नाव होतं. पहिल्या पानावर अजून अडकले आहे.